समुद्र डाव्या हाताला

कात्रीला गाडी चालवता येत नसे. आयुष्यात त्याने एकदाच चाक हातात धरलं होतं, तेही गाडी उभी असताना. तरी गाड्यांबद्दल त्याला बरंच कळायचं, कारण एका उन्हाळ्यात सलग अकरा आठवडे तो एका अंधाऱ्या खोलीत बसून एकाच खटारा गाडीकडे पाहत होता. ती गाडी चित्रपटातली. तिच्यात एक काटकुळा शिंपी आणि एक ढेरपोट्या प्लंबर बसून समुद्राकडे निघालेले असत, मागच्या सीटवर दुकानाच्या काचेतली प्लास्टरची बाई असे, आणि दर दहा मिनिटांनी त्या दोघांचं कशावरून तरी वाजत असे. मैलभर लांबीच्या फितीचे तुकडे कापून, जुळवून, चिकटवून कात्रीने त्यांचा तो प्रवास सलग केला होता. संकलक हा त्याचा हुद्दा; कात्री हे नाव त्याला भोंग्याने दिलं.

भोंगा म्हणजे त्याच चित्रपटाचा आवाजवाला. पडद्यावर दार लोटलं की ते प्रत्यक्षात भोंग्याने स्टुडिओत लोटलेलं असे. मक्याचं पीठ कापडी पिशवीत भरून दाबलं की बर्फातली पावलं, चामड्याचे हातमोजे फडफडवले की कबुतरं. त्याला ते नाव का पडलं हे विचारावं लागत नसे. हळू बोलणं त्याला जन्मात जमलं नाही. तो कानात काही सांगू लागला की शेजारच्या खोलीतली माणसं माना डोलवत.

दोघांना निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली होती. त्या शनिवारी सकाळी आठ वाजता भोंग्याने खाली हॉर्न वाजवला, तेव्हा कात्री दोन स्वेटर घालून, टोपी चढवून, मांडीवर डबा घेऊन खुर्चीत बसलेला होता.

"बाबा, साडेसहापासून बूट घालून बसलाय तुम्ही," सून म्हणाली. "पायाला रग नाही लागली?"

"उशीर नको व्हायला."

"पाच तासांचा रस्ता आहे आणि नऊ तास हातात आहेत. आणि हे बघा, अंडी सहा उकडलीत. तीन तुमची, तीन काकांची. ते पाच खातील, तुम्ही बघत बसाल. असं करू नका."

कात्रीने मान हलवली. अंड्यांकडे त्याचं लक्षच नव्हतं. एक वाक्य तो मनातल्या मनात कापत होता. आदल्या आठवड्यात ते वाक्य चौदा ओळींचं होतं, बुधवारी सहा ओळींचं झालं, आणि आज सकाळी दाढी करताना ते पाच शब्दांवर आलं होतं. ते पाच शब्द त्याला पाच वाजायच्या आत एका बाईसमोर उच्चारायचे होते.

ती बाई म्हणजे भोंग्याची थोरली बहीण, अक्का. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. ती भोंग्याशी सव्वीस वर्षं बोललेली नव्हती.

भांडण त्या चित्रपटावरूनच झालं होतं. त्यात एक खानावळीची मालकीण होती. शिंपी आणि प्लंबर खोली मागतात, शिवाय प्लास्टरच्या बाईसाठी तिसरा पलंग मागतात, तेव्हा ती मालकीण हसू लागते आणि थांबतच नाही. ते काम करणाऱ्या नटीचं खरं हसू उचकीसारखं होतं. पडद्यावर ती पोटभर हसताना दिसायची आणि आवाज मात्र पाणी अडकलेल्या मोरीसारखा यायचा. म्हणून दुसरं हसू शोधलं. भोंग्याकडे हसण्यांची एक डबी होती, क्रमांक घातलेली. सात नंबरच्या फितीवर एक बाई हसत होती. आधी नाकातून, मग जणू स्वतःला आवरत, आणि मग सगळं सोडून देऊन घरभर. मालकीण पडद्यावर तशी हसली, आणि पहिल्याच दिवशी थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी.

त्या पहिल्या दिवशी तिसऱ्या रांगेत अक्का बसली होती, शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना हौसेने बरोबर घेऊन. आपल्या तोंडातलं हसू एका फुगलेल्या गालांच्या, पदर सुटलेल्या बाईच्या तोंडातून बाहेर पडताना तिने ऐकलं. ती घरी मटार सोलत असताना भोंग्याने ते चोरून ध्वनिमुद्रित केलेलं होतं. सोमवारी शाळेत, ती फळ्याकडे वळली की मागून वर्गभर तेच हसू उठू लागलं. आधी नाकातून, मग आवरत, मग सोडून देऊन. ते वर्षभर चाललं. त्यानंतर अक्काला कोणी मोठ्याने हसताना पाहिलं नाही, आणि भावाशी ती एक अक्षर बोलली नाही.

आता ती घर आवरून, खाडीपलीकडच्या बेटावर मुलीकडे कायमची राहायला निघाली होती. भाचीने भोंग्याला फोन केला होता. "मामा, आई शनिवारी पाचच्या बोटीने येतेय. इकडे आल्यावर तुला ती दारात उभं करणार नाही, हे तूही जाणतोस. पण काल मी म्हटलं की मामा धक्क्यावर आला तर? तर म्हणाली, धक्का काही माझ्या वडिलांचा नाही, तिथे कोणीही उभं राहावं."

सव्वीस वर्षांतलं हे सगळ्यात प्रेमळ वाक्य होतं. भोंग्याने ते फोन ठेवल्यावर कात्रीला तीनदा ऐकवलं.

"तू चल," तो म्हणाला होता. "रस्ता तुला पाठ आहे. तो सगळा समुद्राचा रस्ता आपण तिथेच तर शूट केला."

"आपण नाही. आपण खोलीत होतो."

"तेच रे. तुझ्याइतका तो रस्ता कोणी पाहिलाय?"

आणि तसे ते निघाले.

शहर संपल्यावर सपाट माळ लागला. हवेत पांढुरकी धूळ की धुकं, काहीतरी तरंगत होतं, आणि ऊन त्यातून गाळून आल्यासारखं मऊ होतं. दूरची झाडं जमिनीपासून हातभर वर उभी असल्यासारखी दिसत. गाडीच्या काचेतून हे बघताना कात्रीला विचित्र वाटू लागलं. इतका वेळ झाला तरी चित्र कुठे तुटत नव्हतं. कुंपण आलं, ते सरकत सरकत मागे गेलं, त्याच्या मागून एक विहीर आली, विहिरीमागून एक पांढरी गाय, आणि यांतलं काहीही कोणी निवडलेलं नव्हतं. कात्रीचा उजवा हात मांडीवर अधूनमधून हलायचा. इथे कापलं असतं, इथे नसतं. गाय ठेवली असती.

भोंगा मात्र दर अर्ध्या तासाने गाडी थांबवत होता. एकदा लोखंडी फाटकासाठी, ते वाऱ्याने करकरत होतं म्हणून. एकदा कोरड्या कणसांच्या शेतासाठी. गाडीचं त्याच्या बाजूचं दार चौदा वर्षं खडखडत होतं आणि तो ते दुरुस्त करू देत नसे.

"ही खडखड मी तीन चित्रपटांत वापरली," तो म्हणाला. "एकदा तर जहाज बुडताना."

"वेळ होतोय रे."

"लेका, तू स्वतःच्या लग्नालासुद्धा दोन तास आधी गेला होतास. आचारी समजून तुला कांदे चिरायला बसवलं होतं."

"अर्धा तासच चिरले."

भोंगा खदखदून हसला. मग एकदम थांबला. आज तो असं मध्येच थांबत होता. "मी काय बोलू रे तिच्याशी?" त्याने विचारलं. त्याच्या मानाने हा आवाज इतका हळू होता की कात्रीला वाटलं इंजिनच काही बोललं.

"बघू," कात्री म्हणाला, आणि पाच शब्द परत एकदा मनात म्हणून पाहिले. ते अजून बाहेर येण्याजोगे वाटत नव्हते.

अकराच्या सुमारास रस्ता दुभंगला. फाट्यावर एक टेकडी होती आणि टेकडीवर पाण्याची पांढरी गोल टाकी. टाकी बघून कात्री सीटवरून उठलाच. ती टाकी त्याने किती वेळा पाहिली असेल याला गणतीच नव्हती. चित्रपटात याच टाकीखाली शिंपी आणि प्लंबर नाणं उडवतात आणि उजवीकडे वळतात, आणि पुढच्या चित्रात लांबवर समुद्राची रेघ चमकते.

"उजवीकडे घे," तो म्हणाला.

"पाटीवर धक्का डावीकडे लिहिलाय."

"पाटी फिरलेली असणार. वाऱ्याने. उजवीकडे घे."

भोंग्याने त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस हॉटेलात चहा मागवतानासुद्धा 'बहुधा' म्हणायचा. त्याच्या तोंडून असा ठाम शब्द चाळीस वर्षांत दुसऱ्यांदा ऐकत होता भोंगा. त्याने चाक उजवीकडे फिरवलं.

थोडं पुढे गेल्यावर कात्री वळून मागे बघू लागला. "टाकी हलवलेली दिसते," तो म्हणाला.

"काय?"

"तिची शिडी आपल्याला डाव्या बाजूला असायची. आता उजव्या बाजूला आहे. आणि टेकडीसुद्धा रस्त्याच्या पलीकडे गेलीय."

"अरे, टेकडी कोणी हलवतं का?"

"सरकारी काम. काहीही करतील."

हे दोघांनाही पटलं.

पुढे एक पूल आला. गाडी त्यावरून अलगद, हूं की चूं न करता, पार झाली. पलीकडे जाऊन भोंग्याने ब्रेक लावला.

"हा तो पूल नाही," तो म्हणाला. "तो लोखंडी होता. कसा वाजायचा तो, घडड घडड घडड, आणि शेवटी एक ठण्ण. मी डोळे मिटूनसुद्धा ओळखेन. आपण चुकलोय."

"तो पूल असाच सिमेंटचा होता," कात्री म्हणाला. "घडघड तू स्टुडिओच्या मागच्या अंगणात काढलीस. पत्र्याच्या पिंपातून साखळी ओढून. ठण्ण म्हणजे तुझा जेवणाचा डबा."

भोंग्याने मान वळवून पुलाकडे पाहिलं. "डबा," तो म्हणाला. "हो रे. झाकण चेपलं होतं त्याचं. मला खरंच वाटायला लागलं होतं की तो पूल वाजतो."

"असं होतं."

"तुझं नाही होत?"

"माझ्या कामात काही खोटं नसतं," कात्री म्हणाला. "मी फक्त जोडतो."

आणि ते पुढे गेले. दुपार झाली तशी माळावरची ती पांढुरकी हवा आणखी दाट आणि उजळ झाली. रस्ता सरळ होता आणि कुठेच जात नसल्यासारखा वाटत होता. भोंगा गुणगुणायचा थांबला. कात्रीचे डोळे जड झाले. पुढे धुक्यात त्याला एक खटारा गाडी दिसल्यासारखी वाटली, दोन डोकी, एक टोपीचं आणि एक गोल. मागच्या सीटवर कोणी नव्हतं. प्लास्टरची बाई कुठे उतरली, असं त्याला वाटलं. समुद्र आता येईलच, पुढच्या जोडाला.

मग खरंच पुढे एक गाडी आली. तो एक टेम्पो होता, घरसामानाने लादलेला, आणि त्याच्या पाठीमागे एक उंच कपाट दोरांनी बांधलेलं होतं. कपाटाच्या दाराला डोक्यापासून पायापर्यंत आरसा होता. टेम्पो हळू चालला होता आणि रस्ता अरुंद होता, म्हणून भोंगा त्याच्या मागे मागेच राहिला.

आरशात एक गाडी होती. तिच्यात दोन म्हातारे. एक दोन स्वेटर घातलेला, तोंड किंचित उघडं ठेवून बघत असलेला. दुसरा स्टीअरिंगवर दोन्ही कोपर टेकवून बसलेला. खड्डा आला की ते दोघे आभाळात जायचे आणि परत खाली यायचे. त्यांच्या मागे माळ, पांढरी हवा, आणि मागे मागे पळणारा रस्ता. कात्रीला वाटलं, हे चित्र आपण कुठेही कापलं नसतं. मिनिटंच्या मिनिटं तो बघत बसला. ते दोघे त्याच्याकडे बघत बसले.

मग त्याला दिसलं की आरशातल्या गाडीत आपण भलत्याच बाजूला बसलोय. आरसाच तो, उलटंच दिसणार. त्याने भोंग्याचा दंड धरला.

"गाडी थांबव," तो म्हणाला.

"का? काही आवाज आला?"

"थांबव रे."

टेम्पो पुढे गेला. आरशातले दोघे लहान लहान होत धुक्यात गेले.

"मी उलटी लावली होती," कात्री म्हणाला. "टाकीची फीत. शिंपी उजवीकडे बघत होता आणि रस्ता डावीकडे वळत होता. नजर आणि रस्ता जुळेचना. दिग्दर्शक घाई करत होता. मग मी फीत पालथी केली, आणि ती टाकी, ती शिडी, ती टेकडी सगळं जुळलं. समुद्र डाव्या हाताला आहे. पाटी बरोबर होती. पाटी कुठेही फिरली नव्हती."

भोंग्याने घड्याळ बघितलं. एक वाजत आला होता. त्याने गाडी वळवली.

भोंगा बोलत नाही, ही गोष्ट कात्रीने कधी अनुभवली नव्हती. गाडीत फक्त दाराची खडखड होती. मैलामागून मैल गेले. मुका पूल परत एकदा मुकाट्याने पार झाला. आपण आजवर केलेली सगळी कामं कात्रीच्या डोळ्यांपुढून जाऊ लागली आणि त्यातली किती पालथी असतील असं त्याला वाटू लागलं. आणि मग पाच शब्द, जे धक्क्यावर बोलायचे होते, ते इथेच, भलत्याच जागी, भलत्याच माणसासमोर बाहेर आले.

"ते हसू मी ओळखलं होतं."

"कुठलं?"

"सात नंबरचं. तू तापाने घरी पडला होतास. मी सगळी हसणी एकापाठोपाठ एक लावून बघितली. सातवं लावलं आणि कळलं, ही अक्का. तुमच्याकडे जेवायला यायचो तेव्हा कितीदा ऐकलं होतं. मला माहीत होतं, तरी लावलं."

भोंग्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"मला वाटत होतं तुला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "सव्वीस वर्षं मला वाटतंय, बिचाऱ्याला काय माहीत, डबीतून एक उचललं आणि लावलं. मी आजारातून उठून आलो तेव्हा तू काही बोलला नाहीस. मी म्हटलं, असू दे, कोण ओळखणार. आणि अक्का जेव्हा घरी येऊन उभी राहिली, हे कोणी केलं म्हणून, तेव्हा मी म्हटलं, मी केलं."

"ठाऊक आहे."

"तुला बोलणी बसू नयेत म्हणून म्हटलं. तू आधीच एवढासा. कोणी मोठ्याने बोललं तर तुला आठ दिवस जेवण जात नाही."

"ठाऊक आहे रे."

"उतर."

"काय?"

"गाडीतून उतर."

कात्री उतरला. डबा हातात तसाच. भोंग्याने दार ओढून घेतलं, गाडी भुर्रकन निघाली, आणि धुळीत दिसेनाशी झाली. कात्री रस्त्याच्या कडेला उभा राहिला. चहूकडे माळ होता, आवाज कसलाच नव्हता. एक फुलपाखरू त्याच्या टोपीवर बसलं असावं, कारण टोपीची सावली त्याला जमिनीवर जराशी हलताना दिसली. हे असंच व्हायला हवं होतं, असं त्याला वाटलं, आणि फार आधी.

मग लांबून खडखड ऐकू आली. गाडी उलटी येत होती, वाकडीतिकडी, मागच्या काचेतून भोंग्याची वळलेली मान दिसत होती. ती त्याच्याजवळ येऊन थांबली.

"बस," भोंगा म्हणाला. "तुला इथे टाकून गेलो तर तिला हे सांगणार कोण?"

कात्री बसला.

"आणि अंडी काढ. सकाळपासून डबा उराशी धरून बसलाय, जसं काही पिल्लं निघणार आहेत."

त्याने पाच खाल्ली. मग, बरंच पुढे गेल्यावर, पांढऱ्या टाकीखालून पाटीवरचा डावीकडचा रस्ता धरताना, तो म्हणाला, "पण लावलंस का? ओळखलं होतंस, तर का लावलंस?"

कात्री अंड्यांची टरफलं डब्यात गोळा करू लागला. समोर रस्ता उतरू लागला होता आणि डाव्या हाताला, झाडांच्या फटींतून, कोणीतरी चांदीची पट्टी ओढत नेत असावं तसं पाणी चमकत होतं.

धक्क्यावर ते पावणेपाचला पोहोचले. बोट लागलेली होती. लाकडी फळ्या, एक तिकिटाची खोली, तिच्यासमोर एक बाक, आणि फळ्यांच्या टोकाला एका काळ्या ट्रंकेवर अक्का बसलेली. पाठ ताठ, चष्मा साखळीला, मांडीवर छत्री आडवी. भोंगा तिच्यापासून चार हातांवर जाऊन उभा राहिला आणि त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

अक्काने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने तिकीटवाल्याला हाक मारली. "अहो, यांना विचारा, जेवलेत का."

तिकीटवाला जाडजूड, मिशाळ, भला माणूस होता. त्याने इकडेतिकडे बघितलं. "जेवलात का म्हणतात."

"अंडी खाल्ली म्हणावं," भोंगा म्हणाला.

"अंडी खाल्ली म्हणतात."

"किती?"

"किती, असं—"

"पाच."

"त्यांना सांगा, या वयात पाच अंडी खाऊ नयेत. आणि उशीर झाला हेही सांगा. मी दोन वाजल्यापासून बसलेय. कोणासाठी असं नाही. उन्हासाठी."

तिकीटवाल्याने एवढं सगळं नीट सांगितलं.  बोटीवरच्या माणसाने एक दोर सोडला. आता पंधरा मिनिटंही उरली नव्हती, आणि भोंगा, ज्याने आयुष्यभर जगातले सगळे आवाज काढले, तो नुसता हात चोळत उभा होता.

कात्री पुढे झाला. वाक्य वापरून संपलं होतं. दुसरं तयार नव्हतं.

"ते याने नाही केलं," तो म्हणाला. "त्याने फक्त मुद्रित केलं. मालकिणीला ते मी लावलं. तुमचं आहे हे ओळखून लावलं. तो तेव्हा घरी तापाने पडला होता."

अक्काने चष्मा चढवला आणि त्याच्याकडे बघितलं. गणिताच्या बाईंचं ते बघणं होतं. पायरी कुठे गाळली हे शोधणारं.

"तुम्ही," ती म्हणाली. "रविवारी यायचात. भाजी परत मागायची लाज वाटायची तुम्हाला."

"हो."

"का केलंत?"

"डबीत एकोणीस हसणी होती. बाकीच्या अठरा बायका हसून दाखवत होत्या." त्याने टोपी काढून हातात धरली. "मी ते तुकडे दिवसभर लावून बघितले. तुमचं लावलं की ती खानावळ खरी वाटायची. आत जाऊन बसावंसं वाटायचं. विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं. म्हणून नाही विचारलं."

"वर्षभर मुलं माझ्या पाठीमागे हसत होती."

"हो."

"मी वर्गाकडे पाठ करायची सोडून दिली. एक वर्षभर फळ्यावर तिरपं लिहिलंय मी."

 वारा आला, अक्काच्या पदराचं टोक उडालं, तिने ते धरलं.  बोटीचा भोंगा एकदा वाजला.

मग ती उठली आणि भावाकडे वळली. मध्ये कोणालाही न घालता.

"आणि तू. तुझ्या पोटात कधी काल काय जेवलास हेसुद्धा राहिलं नाही. आणि हे एवढं तू सव्वीस वर्षं ठेवलंस?"

"ठेवलं," भोंगा म्हणाला.

"गाढव आहेस."

"हो अक्का."

"केस किती पांढरे केलेस. उचल ट्रंक. जड आहे, कंबर सांभाळ. वाकून नको, बसून उचल!"

भोंग्याने ट्रंक उचलली. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि दोन्ही हात ट्रंकेला अडकल्यामुळे ते पुसता येत नव्हतं. दोघे फळीवरून आत चढले. चढता चढता अक्का थांबली, वळली, आणि कात्रीच्या डोक्यावरून तिकीटवाल्याला म्हणाली, "अहो, यांना सांगा. मी यांच्याशी बोलत नाही."

"बाई तुमच्याशी बोलत नाहीत म्हणतात," तिकीटवाला म्हणाला.

"ऐकलं," कात्री म्हणाला.

बोटीवर ट्रंक कुठे ठेवायची यावरून बहीणभावांचं लगेच जुंपलं. इथे नको, भिजेल. तिथे नको, लोक पाय देतील. ते जुंपलेलं असतानाच दोर सुटला, फळी ओढली गेली, आणि बोट धक्क्यापासून हात, दोन हात, मग दहा हात दूर झाली. भोंग्याच्या लक्षात आलं तेव्हा मध्ये बरंच पाणी होतं. तो कठड्याशी धावला. खिशातून गाडीची किल्ली काढून ती त्याने उंच धरली, बहुधा फेकायच्या विचाराने, आणि अक्काने त्याचा हात धरून खाली ओढला.

तो ओरडत होता. एवढा मोठा आवाज, पण वारा किनाऱ्याकडून पाण्याकडे वाहत होता. धक्क्यापर्यंत काहीच येत नव्हतं. कात्रीला नुसतं चित्र दिसत होतं. भोंगा हातवारे करतोय. अक्का छत्रीचं टोक नाचवत त्याला काहीतरी सुनावतेय. तो कानावर हात ठेवतो. ती परत सुनावते. मग ती दोघं ट्रंकेवर शेजारी शेजारी बसली, बोट धूसर उन्हात शिरली, आणि तिचा आधी रंग गेला, मग आकार. कात्री बघत राहिला. त्याचा हात मांडीजवळ स्वस्थ होता.

"परत कधी येते बोट?" त्याने विचारलं.

"उद्या सकाळी नऊला," तिकीटवाला म्हणाला. "गाडी तुमची का ती?"

"त्याची. किल्ली त्याच्याकडे आहे. मला तशीही चालवता येत नाही."

"मग खोलीत टेका पाठ. गादी आहे. घरी फोन करायचा असेल तर तो आत आहे, तार जरा हलवली की लागतो."

कात्रीने सुनेला फोन केला. अंडी किती खाल्लीत, असं तिने पहिल्यांदा विचारलं, आणि एक म्हटल्यावर सुस्कारा टाकला. तो बाहेर आला तेव्हा तिकीटवाला बाकावर बसून मिशा कुरवाळत होता. त्याला मघापासूनचं सगळं आठवून बघायचं होतं हे उघड दिसत होतं.

"तो जाडा तुमचा मित्र," तो म्हणाला.

"हो."

"आणि बाई त्याची बहीण. हे कळलं. पण बाई तुमच्या कोण?"

कात्रीने टोपी डोक्यावर चढवली. खाडीच्या पाण्यावर बोट कुठे होती ते आता नेमकं सांगता येत नव्हतं.

"त्या माझ्याशी बोलत नाहीत," तो म्हणाला.

"असं होय," तिकीटवाला म्हणाला, आणि थोडं सरकून त्याने बाकावर त्याला जागा करून दिली.